काउंटरपलीकडून : ‘लुफू’ म्हणजे काय हो?



गेल्या दिवाळी अंकात घरी रक्तदाब मोजताना होणाऱ्या चुकांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी बाही वर करून मला दंड दाखवलाय. यंदाचा विषयही तुम्हीच दिलात. पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत एका काकांनी विचारलं, "अगं, आमच्या हाउसआर्त्स्तनं लुफू करून यायला सांगितलंय. हे काय प्रकरण आहे? दुखतं का?"

दुखत नाही काका. लुफू म्हणजे लुंगेनफुंक्त्सिऑन, फुप्फुसं कशी चालतात याची तपासणी. मी ज्या फुप्फुसतज्ज्ञांच्या प्रॅक्सिसमध्ये काम करते तिथे सकाळपासून हेच चालतं. डॉक्टर आत बसून कागद वाचतात आणि पेशंटला फुंकायला लावते ती मी. मी डॉक्टर नाही, हे वाक्य संपादक दरवर्षी माझ्याकडून लिहून घेतात, तेही इथेच उरकते. यंदा मे महिन्यात मात्र त्या खुर्चीत माझी आई बसली, म्हणून लेख थोडा लांबलाय. सांभाळून घ्या.

इतर तपासण्यांत तुम्ही नुसते पडून असता. रक्त काढलं जातं, एक्स-रे निघतो, तुमचं काम फक्त हलायचं नाही एवढंच. लुफूत सगळं काम तुमचं. खुर्चीत ताठ बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, नाकाला चिमटा. तोंडात नळी आणि तिच्याभोवती ओठ गच्च. कवळी नीट बसत असेल तर काढू नका, नाहीतर गालातून हवा निसटते. दोन-चार साधे श्वास झाले की छाती पार भरेपर्यंत आत घ्यायचं आणि तिथे न थांबता एकदम सगळा जोर लावून बाहेर सोडायचं. बहुतेक जण पहिल्या धडाक्यानंतर "झालं" म्हणून थांबतात. झालेलं नसतं. तळाची हवा पिळून निघायला पाच-सहा सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ मी शेजारी उभी राहून ओरडत असते : "राउस, राउस, राउस! वायटर, वायटर, नॉख आइन बिस्शेन!" बाहेर बसलेल्यांना आत भांडण चाललंय असं वाटतं.

असं तीनदा नीट जमलं पाहिजे, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. नाही जमलं तर पुन्हा. साधारण आठ प्रयत्नांनंतर आम्हीच थांबवतो, कारण तोवर माणूस दमतो आणि आकडे घसरायला लागतात.

म्हणजे ओरडणाऱ्याचं म्हणणं पेशंटला कळलं पाहिजे. हे मला पहिल्याच वर्षी कळलं, आणि चूक माझी होती. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक तुर्की आजोबा आले होते. माझं जर्मन तेव्हा यथातथाच, त्यांचंही. चार प्रयत्न केले, प्रत्येक आकडा वेगळा आला. मी कागदावर ‘सहकार्य अपुरं’ अशा अर्थाचा शेरा मारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पंधरा दिवसांनी ते लेकीला घेऊन आले. ती शेजारी उभी राहून तुर्कीत अशी काही ओरडली की आजोबा लालबुंद झाले, आणि पहिल्याच फुंकरीत आधीपेक्षा जवळजवळ अर्धा लिटर जास्त हवा बाहेर आली. शेरा माझ्या अक्षरात होता. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून तसा शेरा मारण्याआधी मी स्वतःला विचारते, की यांना नेमकं काय करायचंय ते कळेल अशा भाषेत आपण सांगितलंय का?

आता आकडे. कागदावर रेघोट्या आणि संक्षेप भरपूर असतात, पण तुम्ही दोनच शोधा. एफव्हीसी म्हणजे एका दमात बाहेर काढलेली एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात निघालेली. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की येतो तो टिफनो-इंडेक्स. हे नाव एका फ्रेंच डॉक्टरांचं, त्यांनी १९४७ साली पहिल्या सेकंदाचं महत्त्व ओळखलं. एकूण हवा मोजायची कल्पना त्याहून शंभर वर्षं जुनी. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने लंडनमध्ये दोन हजारांहून जास्त माणसांना नळीत फुंकायला लावलं, त्यात खलाशी होते, पोलीस होते, पैलवान होते. उंचीप्रमाणे ही हवा वाढते हे त्याने १८४६ साली छापलं. आयुर्विमा उतरवणाऱ्यांना आपलं यंत्र उपयोगी पडेल अशी त्याची आशा होती. विमावाले तेव्हाही होतेच.

तरुण, निरोगी माणूस सगळ्या हवेतली सुमारे चार-पंचमांश पहिल्या सेकंदात सोडतो. वयाबरोबर हा वाटा हळूहळू कमी होतो. तो वयाच्या मानाने फारच कमी असेल तर श्वासनलिका अरुंद झाल्यात, दमा किंवा सीओपीडी बघायला हवा. वाटा ठीक, पण एकूण हवाच कमी, तर फुप्फुसं लहान पडताहेत किंवा नीट फुलत नाहीत. मी सुरई आणि तांब्याचं उदाहरण देते. सुरईत पाणी भरपूर, पण गळा अरुंद म्हणून हळू निघतं. तांब्या भसकन रिकामा होतो, पण मुळात लहान. तांब्या खरोखरच लहान आहे का हे नुसत्या फुंकरीवरून ठरत नाही, कारण सगळी हवा सोडली तरी छातीत काही उरतेच. त्यासाठी टेलिफोन बूथसारखी काचेची पेटी असते. तिचं दार लागलं की काही जण घाबरतात. काच आहे, मी समोर आहे, दार कधीही उघडता येतं.

ही झाली तुमची बाजू. निकालाची दुसरी बाजू तुम्हाला न दिसणाऱ्या एका तक्त्यात असते, आणि आपल्या लोकांचा गोंधळ तिथेच होतो. यंत्र तुमची हवा लिटरमध्ये मोजतं, पण कागदावर डोळ्यांत भरतात ते टक्के. कशाचे टक्के? तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाची जेवढी असायला हवी त्याचे. त्यासाठी मी आधी वय आणि उंची यंत्रात घालते. म्हणून बूट काढायला लावते, तेव्हा "मी एकशे पंच्याहत्तर, लिहा" असं सांगू नका. (पुरुषांची सांगितलेली उंची आणि मोजलेली उंची यावर एक वेगळा लेख होईल.) पाठीत वाकलेल्या आजींची उंची मोजून उपयोग नसतो, तेव्हा दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर घेतात. वयाचीही गंमत आहे. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून असते, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. आमच्या डॉक्टरांना वाटायचं, महाराष्ट्रात सगळे जूनमध्येच जन्मतात. खरं वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असलं तरी फार बिघडत नाही. निरोगी प्रौढाचा एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर उतरतो, तेवढाच फरक.

पण ‘निरोगी माणूस’ कोण? जर्मनीत वर्षानुवर्षं जे तक्ते वापरले ते युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाचे, शेवटचे १९९३ सालचे. युरोपियन युनियनची जी पणजी, तीच ही संस्था. खाणीत आणि भट्टीवर काम करणाऱ्यांची फुप्फुसं किती बिघडली हे ठरवायचं, तर न बिघडलेली किती असतात हे आधी ठरवायला हवं होतं. ड्युसेलडॉर्फला रुहर खोऱ्याचं लिहिण्याचं टेबल म्हणतात. खाणी तिकडे आणि कंपन्यांची ऑफिसं इकडे. तेव्हा हे तक्ते म्हणजे या मातीतलंच पीक. पण त्यात मोजलेली माणसं युरोपातली. त्या मापाने आपल्याकडचा धडधाकट माणूसही ‘कमी’ ठरू शकतो, आणि ऑफिसात टेबल टेनिस खेळणारा पोरगा "माझी फुप्फुसं ऐंशी टक्केच आहेत का?" म्हणून रात्रभर जागतो.

२०१२ साली जगभरच्या मोजमापांवरून नवे तक्ते आले, इथल्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी तेच वापरायला सांगितले. त्यात वंशानुसार गट केले होते. भारतीय उपखंडाचा गटच नव्हता. आपली आकडेवारी आणखी हवी, असं त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवलं. आपण ‘इतर’ या रकान्यात. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या वक्षरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगितलं, की गट नकोतच, सगळ्यांना एकच तक्ता लावा.

ऐकायला हे बरं वाटतं, पण मला दोन्हींकडची भीती कळते. १७ देशांतल्या लोकांची एक तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. वय, उंची जुळवल्यावरही दक्षिण आशियातल्या लोकांचा एफईव्ही-१ युरोप-अमेरिकेपेक्षा सुमारे ३० टक्के कमी निघाला. मग आपली फुप्फुसं जात्याच लहान, की गर्भात असताना आईला पुरेसं खायला नव्हतं, लहानपणी घरात धूर होता, म्हणून लहान राहिली? पहिलं खरं असेल तर एकच तक्ता आपल्याला उगाच आजारी ठरवतो. दुसरं खरं असेल तर "भारतीयांचं इतकंच असतं" हे वाक्य आजार झाकतं. मला विचाराल तर हे दुसरं वाक्य जास्त धोक्याचं, कारण ते ऐकून माणूस निवांत घरी जातो.

यातून एक वाट आहे. पहिल्या सेकंदाचा वाटा, तो टिफनो-इंडेक्स, वंशावर फारसा अवलंबून नसतो. तांब्या लहान असो की मोठा, गळा अरुंद असेल तर ते कळतंच. आणि तुमचाच जुना कागद हा तुमच्यासाठी सगळ्यांत चांगला तक्ता. गेल्या वर्षीचे लिटर आणि या वर्षीचे लिटर समोरासमोर ठेवले की त्यात युरोपही येत नाही आणि एशियाही.

आता आईचं सांगते.

आई कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. तिला खोकला आहे. कधीपासून, असं विचारलं तर आठवत नाही, इतक्या वर्षांपासून. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती खोकायची आणि मी म्हणायची, "गरम पाणी पी, काढा घे." दिवसभर लोकांना फुंकायला लावणारी मी. मे महिन्यात ती आली, आणि आमच्या घराच्या दोन जिन्यांत तिसऱ्यांदा थांबली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या दुखण्याला प्रवास-विमा पैसे देत नाही. खिशातले भरले आणि तिला घेऊन गेले.

नळी हातात घेऊन आई म्हणाली, "ही तुमची फुंकणीच की गं." आणि अगदी फुंकणीसारखीच फुंकली. फू, फू, फू, तीन छोट्या फुंकरा. यंत्राने तांबडी खूण दाखवली. जर्मनमध्ये ओरडणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं, की बाई चूल पेटवताहेत. मी म्हटलं, "आई, हप्त्याहप्त्यानं नाही. एका दमात. लाकडं ओली आहेत, जाळ जातोय, थांबू नको. सोड, सोड, सोड, अजून सोड!" चौथ्या वेळी जमलं. चिमटा काढून नाक चोळत ती म्हणाली, "लई वरडतीस बघ तू."

एकूण हवा १.९ लिटर. पहिल्या सेकंदात १.१. वाटा ५८ टक्के. डॉक्टरांनी दम्याची शक्यता धरून श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे चार झोत दिले आणि वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. दम्यात बऱ्याचदा आकडा चांगला उसळी मारतो. आईचा १.१७ झाला, म्हणजे जेमतेम ७० मिलिलिटर. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती वर्षं ओढली? मी भाषांतर केलं तशी आई तोंडाला पदर लावून हसली. मग मी चुलीचं सांगितलं. सातव्या-आठव्या वर्षापासून चूल, लग्नानंतरही चूल, काटक्या आणि शेणी. पुढे गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच.

सीओपीडी. सिगारेटवाल्यांचा आजार म्हणून मी रोज ज्याचे कागद फाइलला लावते, तो माझ्या आईला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांतला सीओपीडी दुर्लक्षित आहे आणि जगाचा हिशेब केला तर लाकूड-शेणाचा धूर हे त्याचं सगळ्यांत मोठं कारण असू शकतं. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही रोज ज्या इमारतीवरून सायकलने येता ना, तिथे अशाच बायका मोजल्यात." आउफम हेनेकाम्प रस्त्यावर पर्यावरण-वैद्यकाची लाइबनिझ संस्था आहे, आपल्या बिल्कमध्ये राहणाऱ्यांनी पाटी पाहिली असेल. १९८५ ते १९९४ या काळात डुइसबुर्ग, एसेन, डॉर्टमुंड, गेल्झेनकिर्शेन, हेर्ने इथल्या आणि तुलनेसाठी ड्युल्मेन, बोर्केन या खेडवळ भागातल्या सुमारे ४८०० बायकांची तपासणी झाली. सगळ्या साधारण ५५ वर्षांच्या. बायकाच का? कारण पुरुष खाणीत आणि पोलाद कारखान्यात, त्यांच्या छातीत कामाचा धूर कुठला आणि हवेचा कुठला हे वेगळं काढता आलं नसतं. बायका घरी. त्यांच्यातल्या अडीच हजारांहून जास्त जणींची फुंकर मोजली. २००५ साली निष्कर्ष छापला : हवेत सूक्ष्म धूळ जास्त तिथे एफईव्ही-१ कमी, आणि मोठ्या रहदारीच्या रस्त्यापासून १०० मीटरच्या आत राहणाऱ्यांत सीओपीडी जास्त. कॉर्नेलियुसश्ट्रासवर स्वस्त घर मिळतंय म्हणून उड्या मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्याच बायकांतल्या काही जणींना पुढे पुन्हा तपासलं. मधल्या वर्षांत रुहरची हवा सुधारली होती, आणि जिथे धूळ जास्त उतरली तिथल्या बायकांत आजाराचं प्रमाणही त्या मानाने कमी दिसलं.

हे वाचून वाटतं, सगळं काय ते इथेच होतं. तसं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी भारतीयांसाठी फुप्फुसांचे तक्ते १९७७ सालीच छापले होते. लालबाग, चेंबूर, खार इथल्या लोकांची प्रकृती आणि तिथली हवा यांचा मेळ घालणारा त्यांच्या गटाचा अभ्यास १९८० चा, म्हणजे रुहरच्या बायकांच्या पाच वर्षं आधीचा. गिरणगावाच्या मधोमध बसून केलेलं काम. पण ते तक्ते इथल्या यंत्रात नाहीत, आम्हाला यादीतून निवडायचे म्हटले तरी सापडत नाहीत.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, पण उतार मंदावता येतो. रोजचा इन्हेलर सुरू झाला, तो नीट ओढायला शिकवायलाच चार दिवस लागले. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या. पाणी तापवायचा हीटर भावाने बसवला. आईला त्या पाण्याने आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, ही तक्रार दर रविवारी ऐकते. तिच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद आहे. त्याच्या कोपऱ्यात मी मराठीत लिहिलंय : उंची मोजलेली, तक्ता कुठला, औषधाआधीचे आणि नंतरचे लिटर. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर पुन्हा फुंकायला बोलावलंय.

तेव्हा काका, युबरवाइझुंग घेऊन बिनधास्त जा. तुमचा झटपट मोकळं करणारा इन्हेलर असेल तर तपासणीआधी किती तास बंद ठेवायचा ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, मनाने ठरवू नका. त्या दिवशी सिगारेट नको, घट्ट पट्टा नको. जुना कागद असेल तर आणा, नसेल तर नव्याची प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. टक्के पाहून घाबरण्याआधी "झोलवेर्ट कुठले वापरलेत?" एवढं विचारा. आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना नेणार असाल तर त्यांना आत एकटं पाठवू नका. काउंटरवर सांगून त्यांच्या शेजारी उभे राहा, आणि लाज न बाळगता आपल्या भाषेत ओरडा. बाहेर बसलेल्यांना सवय असते.

फराळ मात्र तपासणी झाल्यावर. गच्च भरल्या पोटी छाती पुरती भरत नाही, आणि चकलीचा तुकडा नळीत गेला तर साफ मलाच करावं लागतं.